जुनी गाडी घेताना विचारा : आत पट्टा आहे की साखळी?

शेतीच्या पानावर मोटारगाडीचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. म्हणून हा विषय मला ज्या शेतात सापडला, तिथली हकीगत आधी सांगतो.

गेल्या गळीत हंगामात दौंड तालुक्यातल्या एका उसाच्या प्लॉटवर गेलो होतो. ऊस तुटून महिना उलटला होता. पाचट सरीत पसरलेले, बुडखे छाटलेले, पाणीही दिलेले. पण खोडवा पिवळट दिसत होता. खोडव्याला खताची पहिली मात्रा तोडणीनंतर १५ दिवसांच्या आत पहारीने द्यायची, हे या तात्यांना नव्याने सांगायची गरज नव्हती. आदल्या वर्षी त्यांनी ते तारीख लावून केले होते. मी विचारले, "तात्या, औंदा खत राहिलं का?" तात्या हसले, पण ते हसणे काही खरे नव्हते. म्हणाले, "राहिलं नाही साहेब. खत गाडीनं खाल्लं."

झाले होते असे. आधीच्या उसाच्या शेवटच्या हप्त्यातून तात्यांनी एक जुनी डिझेल गाडी घेतली. मुलगी शिरूर तालुक्यात दिलेली, तिचे पहिले बाळंतपण जवळ आलेले. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला दारात चार चाके असावीत, एवढाच हेतू. गाडीचा रंग चांगला, टायर नवे, एसी गार. विकणारा म्हणाला, "टायमिंग-बिमिंग सगळं केलेलं आहे." तात्यांनी गाडी चालवून पाहिली, धूर पाहिला आणि सौदा केला. चार महिन्यांनी मुलीला शिरूरला तपासून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे येत होते. अंधार पडलेला, पुढेमागे उसाच्या ट्रॉल्या, आणि गाडी एकाएकी बंद पडली. ना आवाज, ना धूर. चार जणांनी ढकलून पाहिली. शेवटी एका जीपवाल्याला हात करून मुलीला घरी आणावे लागले. बाळ-बाळंतीण पुढे सुखरूप आहेत, हे महत्त्वाचे. गाडी मात्र दोर लावून गॅरेजला गेली. मिस्त्रीने कव्हर काढले तर टायमिंग बेल्टचे दोन तुकडे. हेड उतरवले तर व्हॉल्व्ह वाकलेले. पट्टा वेळेत बदलला असता तर काही हजारांत भागले असते, तिथे चाळीस हजारांच्या वर गेले. नव्या उसाचा पहिला हप्ता तिकडे गेला आणि खोडवा उपाशी राहिला.

तात्या शेवटी जे बोलले त्यासाठी हा लेख लिहीत आहे. "साहेब, ट्रॅक्टर चौदा वर्षं वापरतोय. त्याला असला पट्टा कधी बदलला नाही. मला वाटलं इंजिन ते इंजिन."

ट्रॅक्टर वेगळा, मोटार वेगळी

तात्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे इंजिनाचे शिक्षण ट्रॅक्टरवर आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनावर झाले. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरच्या इंजिनात हे काम दातेरी चाके, म्हणजे गिअर करतात. गिअर इंजिनाच्या तेलात फिरतात आणि सहसा इंजिनाइतकेच टिकतात. ट्रॅक्टरला पट्टा असतो तो पंख्याचा. तो तुटला तर इंजिन तापते, आपण नवा टाकतो आणि पुढे निघतो. मोटारगाडीत बाहेर पंख्याचा किंवा डायनामोचा पट्टा दिसतो, तो वेगळा. आपण ज्याविषयी बोलतो आहोत तो इंजिनाच्या तोंडाशी कव्हरच्या आत असतो आणि बॉनेट उघडले तरी दिसत नाही.

त्याचे काम समजून घ्या. पिस्टन ज्या दांड्यावर फिरतो तो क्रँकशाफ्ट खाली. हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट वर. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक फेरा झाला पाहिजे. आपण दारे धरतो तेव्हा एक वाफा भरला की तो बांधायचा आणि पुढचा फोडायचा. हात चुकला तर पाणी भलतीकडे जाते. इंजिनातही दारे उघडण्या-मिटण्याची अशीच पाळी असते. फरक वेगाचा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर कॅम १,५०० फेरे घेतो. म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. ही पाळी सांभाळणाऱ्या पट्ट्याला टायमिंग बेल्ट म्हणतात आणि पट्ट्याऐवजी साखळी असेल तर टायमिंग चेन.

पिठाच्या गिरणीचा किंवा मळणी यंत्राचा पट्टा घसरला तर धान्य थोडे कमी निघते. टायमिंगचा पट्टा घसरून चालत नाही, म्हणून त्याला आतून दाते असतात. एक-दोन दाते जरी सरकले तरी गाडीची ताकद जाते. आणि पट्टा तुटला की कॅम जागीच थांबतो, व्हॉल्व्ह उघडे असतील तसे राहतात, खालून पिस्टन मात्र वेगात येतच असतो. काही साध्या पेट्रोल इंजिनांत दोघांत अंतर असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. डिझेल इंजिनात हवा फार दाबायची असल्याने पिस्टन हेडला जवळजवळ टेकतो. अंतर राहतच नाही. तिथे पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उतरवण्याचे काम निघते.

पट्ट्याला तारीख असते

टायमिंगचा पट्टा रबराचा, आत मजबूत दोरे गुंफलेला. तो आवाज करत नाही, वजनाला हलका, बदलायला त्या मानाने सोपा. पण तो कोरडा चालतो आणि त्याला आयुष्य असते. कंपनीच्या पुस्तकात ते किलोमीटर आणि वर्षे अशा दोन्ही मापांत दिलेले असते. गाडीप्रमाणे ते बदलते. बऱ्याच गाड्यांत ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा काही ठरावीक वर्षांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा पट्टा बदलायचा असतो.

यातला 'वर्षे' हा शब्द आपल्याकडे हमखास विसरला जातो. "डॉक्टरची गाडी आहे, वर्षाला पाच हजारसुद्धा चालली नाही," असे सांगून गाडी विकली जाते. चालली नाही हे खरे असेलही. पण रबर उभ्या उभ्याही म्हातारे होते. उन्हाने, इंजिनाच्या उष्णतेने ते कडक होते, त्याला भेगा जातात. शेतातल्या ठिबकच्या नळ्या न वापरताही कशा कडकतात, ते आपण पाहतोच. दहा वर्षांची गाडी ४०,००० किलोमीटरच चालली असेल आणि पट्टा पहिलाच असेल, तर तो बदलायचाच.

उलट बाजूही आहे. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींत कामगारांची आणि साहेबांची ने-आण करणाऱ्या गाड्या कंत्राट संपले की बाजारात येतात. अशी गाडी दिवसाला २०० किलोमीटर चालली असे धरले, तरी ३०० दिवसांत ६०,००० किलोमीटर होतात. म्हणजे पट्ट्याचे एक आयुष्य एका वर्षात संपू शकते. मीटर मागे फिरवणे तर अवघड राहिलेलेच नाही. म्हणून मीटरवरचा आकडा हा पुरावा मानू नका. सर्व्हिसच्या पावत्यांवरचे आकडे तारखेप्रमाणे चढत गेलेले दिसले पाहिजेत.

साखळीला तेल लागते

"चेनची गाडी आहे, जन्मभर बघायला नको." हे वाक्य विकणाऱ्यांच्या तोंडी असते आणि ते अर्धेच खरे आहे. साखळी लोखंडी, इंजिनाच्या तेलात फिरणारी, तिला बदलण्याची ठरावीक तारीख बहुधा नसते. पण तिचे आयुष्य तेलावर अवलंबून. बहुतेक इंजिनांत साखळी ताणून धरणारा टेन्शनरसुद्धा तेलाच्याच दाबावर चालतो. मोटारसायकलची चेन कोरडी पडली की काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. झिजते, सैल होते, वाजते. इथेही तेच. ज्या मालकाने तेल वेळेवर बदलले नाही, कमी तेलावर गाडी पळवली, हलके तेल घातले, त्याच्या गाडीची साखळी हळूहळू लांबते. फार सैल झाली तर दात सोडते आणि मग नुकसान पट्ट्यासारखेच. शिवाय साखळी बदलायची तर इंजिनाचे तोंड उघडावे लागते, त्यामुळे खर्च पट्ट्याच्या कामापेक्षा बराच जास्त.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच शिरूर तालुक्यात आहे. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात १.३ लिटरचे मल्टीजेट डिझेल इंजिन तयार होत असे. हेच इंजिन वेगवेगळ्या नावांनी स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, फियाट पुंटो अशा अनेक गाड्यांत बसले. मारुतीने २०१२ साली रांजणगावहून ही इंजिने घेण्याचा करारही केला होता. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम आले आणि आपल्याकडच्या नव्या गाड्यांतून हे इंजिन गेले. म्हणजे हे इंजिन असलेली बाजारातली प्रत्येक गाडी आता जुनीच आहे. या इंजिनात साखळी आहे. इंजिन नावाजलेले, पण त्याची साखळीही तेलावरच जगते. तेव्हा अशी गाडी पाहायला गेलात तर साखळी किती मजबूत हे विचारू नका, तेल कधी-कधी बदलले ते विचारा.

नावावर जाऊ नका

एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या साली वेगवेगळी इंजिने आली. म्हणून "अमुक गाडीला पट्टा असतो" असे ऐकून ठरवू नका, साल आणि इंजिन पाहा.

मारुती ८००, ओम्नी आणि ८०० सीसीची जुनी अल्टो यांना पट्टा. अल्टो के-१० ला साखळी. वॅगन-आर २०१० च्या आधीची १.१ लिटरची असेल तर पट्टा, २०१० नंतरच्या के-सिरीज इंजिनाला साखळी. स्विफ्टच्या सुरुवातीच्या १.३ लिटर पेट्रोल इंजिनाला पट्टा, नंतरच्या १.२ लिटरला साखळी. सँट्रोच्या १.१ लिटर इंजिनाला पट्टा. आय-टेन १.१ लिटरची असेल तर पट्टा, १.२ लिटर कप्पा इंजिनाची असेल तर साखळी. १९९८ च्या डिसेंबरात आलेली आणि पुढे गावोगाव प्रवासी वाहून नेणारी इंडिका, तिच्या १.४ लिटर डिझेलला पट्टा. डस्टरच्या १.५ लिटर डिझेललाही पट्टा. टोयोटाची जुनी इनोव्हा, २.५ लिटर डिझेल, हिला पट्टा. २०१६ साली आलेल्या क्रिस्टाच्या २.४ लिटर डिझेलला साखळी. काही मोजक्या नव्या इंजिनांत, उदाहरणार्थ इकोस्पोर्टच्या १ लिटर पेट्रोलमध्ये, पट्टा असूनही तो तेलात फिरतो. तिथे दोन्ही पथ्ये पाळायची, तारखेचे आणि तेलाचे.

खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे गाडीसोबतचे पुस्तक. देखभालीच्या तक्त्यात 'टायमिंग बेल्ट बदलणे' अशी ओळ असेल तर पट्टा आहे. पुस्तक नसेल तर गाडीचे साल आणि इंजिनाचा प्रकार आरसी बुकावरून घेऊन माहितगार मिस्त्रीला विचारा. इंजिनाच्या तोंडावर बारीक बोल्टांनी बसवलेले हलके प्लॅस्टिकचे कव्हर दिसले तर आत बहुधा पट्टा असतो. जाड धातूचे, तेल गळू नये असे बसवलेले कव्हर असेल तर बहुधा साखळी.

इसार देण्याआधी एवढे कराच

काष्टीच्या बाजारात बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, कुणी तर जुंपूनही पाहतो. मग लाख-दोन लाखांची गाडी नुसत्या रंगावर का घ्यायची?

पहिली गोष्ट, गाडी थंड असताना पाहायला जा. सकाळी लवकर जा आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर तुमच्या येण्याआधी कुणीतरी गाडी चालू करून ठेवली आहे. चहा घ्या, थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी जा. साखळी सैल असेल तर थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने खळखळ आवाज येतो. क्षणभर येऊन थांबला तरी मिस्त्रीला ऐकवा. येतच राहिला तर तो सौदा सोडा किंवा साखळीच्या कामाची पूर्ण रक्कम किमतीतून वजा करा.

दुसरी गोष्ट, तेल घालायचे झाकण उघडून आत पाहा. डांबरासारखा काळा गाळ चिकटलेला दिसला तर तेल वेळेवर बदललेले नाही. तेलाची पट्टी ओढून पातळीही पाहा. साखळीच्या गाडीत ही तपासणी सर्वांत महत्त्वाची.

तिसरी गोष्ट, पट्ट्याच्या गाडीत वरचे कव्हर सोडवून पट्टा पाहायला सांगा. भेगा, चकाकी आलेली पाठ, झिजलेले दाते, तेलाने ओला झालेला पट्टा, यांतले काहीही दिसले तर पट्टा गेलाच समजा. पण चांगला दिसतो म्हणून चांगला आहे, असेही धरू नका. पुष्कळ पट्टे तुटेपर्यंत धड दिसतात. कव्हर फुटलेले किंवा गायब असेल तर आपल्या रस्त्यांची माती आणि खडे आत गेलेले असणार.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट, पावती. "टायमिंग केलंय" हे तोंडाचे शब्द. पावतीवर तारीख, किलोमीटर आणि कोणते भाग बदलले ते लिहिलेले असते. नुसता पट्टा बदललेला पुरत नाही, टेन्शनर आणि बेअरिंगही सोबत बदलावी लागतात. ज्या गाड्यांत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालतो तिथे तोही त्याच वेळी बदललेला बरा, कारण पंप जाम झाला तर नवा पट्टाही तुटतो.

पावती नसेल तर एकच नियम. काम झालेले नाही असे धरायचे. भांडायचे नाही, विकणाऱ्याला खोटे पाडायचे नाही. आपल्या मिस्त्रीकडून त्या गाडीच्या पट्ट्याच्या पूर्ण कामाचा खर्च विचारून घ्यायचा आणि किमतीतून तेवढे कमी करून मागायचे. सौदा झाला की पहिली फेरी देवाला नाही, गॅरेजला. बदललेल्या कामाची तारीख आणि किलोमीटर चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा. टोयोटाच्या काही डिझेल गाड्यांत पट्ट्याची वेळ झाली की 'टी-बेल्ट' असा दिवा लागतो. तो दिवा पट्टा न बदलताही विझवता येतो. तेव्हा त्याच्याही भरवशावर राहू नका.

रस्त्यात बंद पडली तर

चालती गाडी एकाएकी बंद पडली, स्टार्टर मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलके, भरभर फिरते आणि पकड घेत नाही, असे झाले तर पट्टा तुटल्याचा संशय घ्या. अशा वेळी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. आणि ढकलून तर मुळीच चालू करू नका. ट्रॅक्टर उतारावरून सोडून चालू करायची आपल्याला सवय आहे, पण इथे प्रत्येक ढकलण्याने एखादा जास्तीचा व्हॉल्व्ह वाकू शकतो. गाडी न्यूट्रलला ठेवून ओढून न्या आणि पहिले कव्हर काढून पट्टा पाहायला सांगा. तात्यांच्या गाडीचे किती नुकसान पट्ट्याने केले आणि किती त्या चार जणांच्या ढकलण्याने, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

मग पट्ट्याची घ्यावी की साखळीची? मला हा प्रश्न हल्ली पुष्कळ जण विचारतात. माझे उत्तर असे आहे. पावती असलेली पट्ट्याची गाडी ही पावती नसलेल्या साखळीच्या गाडीपेक्षा चांगली. पट्ट्याचा खर्च आधी कळतो, त्याची तारीख ठरवता येते, पैसे बाजूला ठेवता येतात. साखळीचा मागचा हिशेब दुसऱ्याच्या हातून घातलेल्या तेलात बुडालेला असतो. जो मालक तेलाच्या पावत्या जपतो, त्याची साखळीची गाडी डोळे झाकून नाही, पण निर्धास्त घ्यावी.

शेतीत आपण सगळे वेळेवरच जगतो. पेरणी आठ दिवस पुढे गेली, फवारणी चुकली, खोडव्याचे खत राहिले, तर काय होते ते मला सांगायला नको. गाडीच्या इंजिनातही वेळेचेच राज्य आहे. तात्यांनी आता गाडीच्या पट्ट्याची तारीख आपल्या पीक नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे, खताच्या तारखांच्या खाली. तुमच्या दारात जुनी गाडी उभी असेल तर आज संध्याकाळी तेवढे एक पान उघडा. लिहायला तारीख सापडली नाही, तर उद्या सकाळी मिस्त्रीकडे जा.